सर्व्हर संध्याकाळीच का गायब व्हायचा: स्टॅटिक आयपीचा माझा अनुभव

घरात जुना डेस्कटॉप पडून होता, त्यावर उबुंटू सर्व्हर (लिनक्सची सर्व्हरसाठीची आवृत्ती) टाकून सगळ्यांचे फोटो आणि लॅपटॉपचे बॅकअप तिथे ठेवायचे असं ठरवलं. त्यासाठी त्याला एकच पक्का पत्ता पाहिजे म्हणजे स्टॅटिक आयपी, कारण डीएचसीपीवर (राउटर आपोआप पत्ते वाटतो ती सोय) ठेवला तर राउटर आज एक पत्ता देणार, उद्या कदाचित दुसराच, आणि मग बाकी मशीनवरून त्याला शोधत बसायचं. अर्ध्या तासाचं काम वाटलेलं, गेले नऊ-दहा दिवस. अडचणी तीन निघाल्या, एकीच्या मागे दुसरी लपलेली, आणि शेवटची तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नव्हतीच, म्हणून नीट लिहून ठेवतेय.

उबुंटू सर्व्हरवर हे सगळं ईटीसीमधल्या नेटप्लॅन (नेटवर्कची सेटिंग लावणारं साधन) फोल्डरमध्ये यामल फाइलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या सेटिंग फाइलीत असतं. तिथे क्लाउड-इनिटने (सुरुवातीची सेटिंग आपोआप लावणारा प्रोग्राम) बनवलेली ५० नंबरची फाइल होती आणि तिच्यात वरच लिहिलेलं की इथले बदल रीबूटनंतर टिकणार नाहीत, म्हणून तिला हात न लावता मी ९९ ने सुरू होणारी वेगळी फाइल केली. पत्ता १९२.१६८.१.५०, पुढे स्लॅश २४ (पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे), आणि डीफॉल्ट रूट, बाहेर जायचा रस्ता, राउटरकडे म्हणजे १९२.१६८.१.१ कडे. जुन्या माहितीत गेटवे४ असं लिहिलेलं सापडतं, त्याला आता वॉर्निंग येते, रूट्सच्या खाली टू डीफॉल्ट आणि व्हाया असं लिहायचं. आणि यामलमध्ये टॅब अजिबात चालत नाही, स्पेसच द्यायच्या.

अप्लाय केलं, एरर नाही, ५० वर सर्व्हर दिसायला लागला. पण आयपी अ‍ॅड्रेस कमांड चालवली तर एकाच कार्डावर दोन पत्ते! एक माझा ५० आणि दुसरा ३७, त्याच्यापुढे डायनॅमिक लिहिलेलं. मी दोनदा रीबूट केलं तरी तेच. मग कळलं की नेटप्लॅन एक फाइल घेऊन दुसरी सोडून देत नाही, सगळ्या फाइली नावाच्या क्रमाने एकत्र करतं, नंतरच्या फाइलीत जे लिहिलंय तेवढंच बदलतं आणि जे लिहिलं नाही ते आधीच्या फाइलीतलं तसंच राहतं. जुन्या फाइलीत डीएचसीपी४ ट्रू होतं आणि माझ्या फाइलीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या फाइलीत डीएचसीपी४ फॉल्स अशी ओळ टाकली, क्लाउड-इनिटचं नेटवर्कचं कामही डिसेबल करून टाकलं, ३७ गेला.

आणि ३७ गेल्याबरोबर अपडेट बंद पडलं. टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन. ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग (उत्तर येतं का बघायची कमांड) जातंय, नावाने काहीच उघडत नाही, म्हणजे रस्ता बरोबर आहे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) नाही. आतापर्यंत डीएनएसचा पत्ता डीएचसीपीबरोबर आपोआप येत होता, तोच मी बंद केलेला! घाईघाईत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नेमसर्व्हर लिहिला, चाललं, रीबूट केल्यावर परत पहिल्यासारखं. ती फाइल सिस्टमडी-रिझॉल्व्हडी (उबुंटूची डीएनएस सांभाळणारी सेवा) बनवतं, हाताने बदलू नका असं तिच्यातच लिहिलेलं असतं, ते आधी वाचायला हवं होतं. नेमसर्व्हर नेटप्लॅनच्या फाइलीतच लिहिले, रिझॉल्व्हसीटीएल स्टेटसमध्ये बघून खात्री केली, झालं.

मला वाटलं संपलं. दिवसभर सगळं छान चालायचं, पण संध्याकाळी कधीतरी एसएसएच (लॅपटॉपवरून सर्व्हर चालवायचं कनेक्शन) तुटायचं, रात्री बॅकअप अर्धवट, सकाळी बघावं तर सर्व्हर मजेत चालू. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, कार्ड झोपी जातंय का म्हणून पॉवर सेव्हिंग बंद केलं. जर्नलमध्ये (सर्व्हरच्या नोंदींमध्ये) लॉस्ट कॅरिअर एकदाही नाही, म्हणजे लिंक कधी तुटतच नव्हती. चार संध्याकाळी अशाच गेल्या.

पाचव्या दिवशी चालू बिघाडात लॅपटॉपसमोर बसले आणि मेसेज शांतपणे वाचला. कनेक्शन रिफ्यूज्ड. रोज हाच येत होता, मी मनात त्याचा अर्थ 'लागत नाही' एवढाच धरत होते. पण सर्व्हर बंद असता किंवा केबल निघालेली असती तर एकाच नेटवर्कवरून नो रूट टू होस्ट आलं असतं. रिफ्यूज्ड म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी जागं आहे आणि तेच नाही म्हणतंय. पिंग लावलं तर उत्तर येतंय! फक्त एरवी अर्ध्या मिलिसेकंदात यायचं ते आता पाच-सहा मिलिसेकंदांत येत होतं. केबलवरच्या मशीनला एवढा वेळ लागत नाही. आयपी नेबर कमांडने ५० समोरचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बघितला, सर्व्हरच्या मॅकचा शेवट मला पाठ झाला होता, हा वेगळाच होता.

मग मॉनिटर जोडून सर्व्हरवरूनच आर्पिंग कॅपिटल डी ऑप्शनने चालवलं (ते वेगळं इन्स्टॉल करावं लागलं). ही कमांड नेटवर्कवर विचारते की हा पत्ता आणखी कोणाकडे आहे का, आणि उत्तर शून्य यायला हवं. रिसीव्ह्ड १ रिस्पॉन्स. तो मॅक घेऊन राउटरच्या यादीत शोधला, तर समोर टीव्हीचं नाव.

"आई, जरा टीव्ही बंद करतेस का?"

"पाच मिनिटं थांब, संपतच आलंय."

पाच मिनिटांनी तिने बंद केला, थोड्या वेळात एसएसएच लागलं. मी तिला परत लावायला सांगितला, लॅपटॉपवरची ५० च्या मॅकची जुनी नोंद पुसली, परत रिफ्यूज्ड. इतका आनंद मला सर्व्हर पहिल्यांदा चालू झाला तेव्हाही झाला नव्हता.

कारण अगदी साधं होतं. राउटरचा डीएचसीपी पूल (वाटायच्या पत्त्यांची रेंज) २ ते २५४ होता, म्हणजे माझा ५० त्याच्या वाटपातलाच, आणि मी तो घेतलाय हे राउटरला कोणी सांगितलंच नव्हतं. मधे कधीतरी सर्व्हर बंद असताना त्याने ५० टीव्हीला दिला आणि टीव्ही तोच रिन्यू करत राहिला. दिवसा टीव्ही बंद, म्हणून भांडण नाही.

राउटरमध्ये पूल १०० ते २०० केला आणि सर्व्हरला १० दिला. राउटरमध्येच मॅक बघून पत्ता राखून ठेवता येतो आणि तेही चांगलंच आहे, पण लाइट जाऊन आल्यावर राउटर उशिरा उठला तरी सर्व्हरला त्याची वाट बघावी लागू नये असं मला वाटतं. हा बदल मात्र मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच केला, कारण नेटप्लॅन ट्राय (बदल आधी लावून बघायची कमांड) १२० सेकंद थांबतं, तेवढ्यात एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग परत आणतं, आणि पत्ताच बदलला की एसएसएच तुटतं मग एंटर दाबणार कुठून. लॅपटॉपच्या एफएसटॅबमध्ये (सर्व्हरचा फोल्डर जोडायची फाइल) आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये नवा पत्ता टाकला, टीव्ही एकदा पूर्ण बंद करून चालू केला, त्याला १०३ मिळाला.

त्या संध्याकाळी आईचा टीव्ही चालू असताना आर्पिंग पुन्हा चालवलं. रिसीव्ह्ड ० रिस्पॉन्सेस. बॅकअप रात्री पावणेबाराला पूर्ण झाला, मी तोपर्यंत जागी होते.