लॉग 9 : फिल्टर निघाल्यानंतरची दहा मिनिटं

गाडी : स्विफ्ट डिझेल, 2014. इंजिन 1.3 मल्टिजेट. रीडिंग 1,18,640.

मागच्या लॉगमध्ये ब्रेक पॅड झाले, या वेळी ऑइल आणि फिल्टर. ऑइल काढण्या-भरण्यात लिहिण्यासारखं काही नाही. गाडी दहा मिनिटं फिरवून आणली, रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, ड्रेन प्लगला नवा वॉशर, आणि शेवटी तीन लिटरच्या आसपास ऑइल. हे सगळ्यांना येतं. लिहायचंय ते फिल्टरच्या जागेबद्दल, कारण गेल्या खेपेला तिथे मी अक्षरशः माती खाल्ली होती आणि ते कळलं आज.

या इंजिनाला आख्खाच बदलायचा बंद डबा-फिल्टर नाही. प्लास्टिकची कॅप फिरवून काढायची, तिच्याबरोबर कागदी एलिमेंट, म्हणजे खरी गाळणी, वर येतं, आणि खाली उरते एक विहीर. आज कॅप काढली तर एलिमेंटच्या घड्यांमध्ये एक धागा अडकलेला. वीतभर लांब, ऑइल पिऊन काळा झालेला, पण चिमट्याने ओढून डिझेलमध्ये बुडवला तर मूळचा पांढरा. म्हणजे बनियन वेस्टचा, गॅरेजमध्ये पुसायला असतात त्या चिंध्यांचा! मागच्या वेळी विहीर पुसायला मीच वापरलेलं. नऊ हजार किलोमीटर तो तिथे होता.

वाचलो कसा, तर धागा बाहेरच्या बाजूला होता म्हणून. ऑइल एलिमेंटच्या बाहेरून आत जातं. बाहेर घाण, मध्यात चोख. मध्यातलं ऑइल थेट मुख्य गॅलरीत, म्हणजे इंजिनभर ऑइल नेणाऱ्या वाटेत, तिथून क्रँकच्या बेअरिंगना आणि टर्बोला. एलिमेंट बाहेर काढलं की ही भिंतच नाहीशी होते आणि तळाशी मधलं भोक उघडं पडतं. ‘पडलं काही तर फिल्टर धरेल की’ असं आमच्या पार्किंगमधले एक काका आज म्हणाले. काका, फिल्टर धरेल, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत तो कण बेअरिंगमधून जाऊन संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती परात) उतरणार, मग पंप त्याला उचलणार, मग फिल्टर. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि बेअरिंगमधली ऑइलची फिल्म काही मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास. वाळूचा कण केसाएवढाच धरला तरी त्याला तिथून सुखाने जाता येत नाही.

आणि ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, ती काजळी आहे. डिझेलमध्ये नवं ऑइल दोन दिवसांत काळं होतंच. काजळीचे कण मुळात मायक्रॉनहून बारीक, ऑइलमधलं डिटर्जंट त्यांना तरंगत ठेवतं. मला भीती बाहेरून येणाऱ्या कचऱ्याची आहे, आणि आमचं पार्किंग म्हणजे त्याचं कोठार. शेजारी इमारत उठतेय, तिची सिमेंटची पूड. वर कबुतरं. गेल्या महिन्यात बॉनेटखाली पीस सापडलं.

तर आज काय केलं. कॅपला पाना लावण्याआधीच भोवतालची सगळी जागा ब्रश आणि डिझेलने धुतली, पुसली. हवा मारली नाही. गॅरेजमध्ये हवा मारतात, पण त्याने खाचेतली माती उडून दुसऱ्या खाचेत बसते. मग कॅप दोन-तीन आटे सैल करून तशीच ठेवली आणि चहा घेऊन आलो. तेवढ्यात विहिरीतलं बरंचसं ऑइल खाली उतरतं. एलिमेंट सरळ वर उचललं, तिरपं होऊ दिलं नाही, आणि लगेच खाली दुधाची रिकामी पिशवी धरली. घड्यांतून जे गळतं ते सगळ्यात घाण ऑइल, आणि ते नेमकं मधल्या भोकावरच गळतं. एलिमेंट पिशवीत गेलं आणि विहिरीवर चष्म्याचं धुतलेलं कापड पसरलं. हे कापड पुसण्यासाठी नाही, झाकण्यासाठी.

तळाशी उरलेलं चमचाभर ऑइल मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजला सलाइनची नळी जोडून ओढून घेतलं. पुसलं नाहीच. पुसायला गेलं की कचरा भोकाकडे ढकलला जातो, हे धाग्याने शिकवलं.

कॅपची जुनी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, स्क्रूड्रायव्हरने उपसू नका. रबराचा कीस निघतो आणि प्लास्टिकच्या खाचेवर ओरखडा पडतो. दोन बोटांनी चिमटून फुगा केला की ती आपसूक वर येते. नवीला ऑइलचं बोट लावून बसवली, कॅपवर लिहिलेल्या टॉर्कपर्यंत (किती जोराने आवळायचं तो आकडा) आवळली, त्याहून कणभर जास्त नाही.

एक किरकोळ पण नेहमी होणारी गोष्ट. नव्या कॅनच्या तोंडावरचं चंदेरी सील पान्याने भोसकायचं नाही, कडेने पूर्ण सोलून काढायचं. आणि नरसाळं कूलंटसाठी वेगळं, ऑइलसाठी वेगळं.

मामांच्या जुन्या बोलेरोला आटे असलेला डबा-फिल्टर आहे. त्यांचा साताऱ्याचा मिस्त्री तो लावण्याआधी काठोकाठ भरतो, आणि भरतो मधल्या मोठ्या भोकातून. ती चोख बाजू! कॅनमध्ये काही पडलेलं असेल तर ते न गाळता बेअरिंगला. मी मामांना सांगितलं, भरायचंच असेल तर कडेच्या बारीक भोकांतून हळूहळू भरा, कागदातून झिरपू द्या. मामा म्हणाले, ‘तीस वर्षं असंच भरतोय तो.’ विषय संपला. जुन्या डब्याचं गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, एवढं मात्र त्यांनी बोट फिरवून बघितलं.

गाडी सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला हात नाही की पाय नाही. जुनं एलिमेंट ब्लेडने कापून घड्या उलगडल्या, चुंबक फिरवलं. थोडी काळी पेस्ट, चमक नाही. या इंजिनाला टायमिंग चेन आहे आणि ती ऑइलवरच जगते, म्हणून धातूची चमक दिसते का हे मी दर वेळी बघतो. जुनं ऑइल कॅनमध्ये बंद करून ठेवलंय, ते अधिकृत रिसायकलरकडे जाईल.

पुढचा लॉग डिझेल फिल्टरचा. तिथे हजार बारच्या वर दाब आणि इंजेक्टरमधली फट मायक्रॉनमध्ये, त्यामुळे नवा फिल्टर डिझेलने आधी भरायचा विचारही करणार नाही, प्रायमरनेच, म्हणजे फिल्टरजवळच्या हातपंपानेच, भरणार. आधी ती नवी इमारत प्लास्टर होऊन जाऊ दे.