मर्थर टिडविल : भट्टीकडे तोंड करून बांधलेला वाडा

शनिवार, रात्र

आज आबांना घेऊन वेल्समधल्या मर्थरला जाऊन आले. पाय दुखतायत, पण डोकं इतकं भरलंय की लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही. आबा पलूसहून आल्यापासून मी त्यांना कार्डिफमधलं सगळं दाखवून झालं, किल्ला, समुद्र, स्टेडियम, सगळीकडे ते "बरं हाय" म्हणाले आणि गप्प बसले. मग काल जेवताना मी सहज म्हटलं की इथून ट्रेननं तासाभरावर एक गाव आहे, एके काळी तिथं जगातले सगळ्यात मोठे लोखंडाचे कारखाने होते आणि तिथल्या मालकाच्या वाड्यात आता म्युझियम आहे. आबा लगेच, "मग उद्याच जाऊया की." त्यांचं सगळं आयुष्य किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला गेलंय, मला हे आधीच सुचायला पाहिजे होतं असं वाटलं.

वाड्याचं नाव कवार्थवा कॅसल. कॅसल म्हणतात पण लढाईशी काही संबंध नाही, १८२४-२५ मध्ये विल्यम क्रॉशे (दुसरा) या कारखानदारानं रॉबर्ट लुगार नावाच्या आर्किटेक्टकडून बांधून घेतलेलं घर आहे ते. बुरूज, तटासारख्या कडा, मोठमोठ्या खिडक्या, समोर उतरत गेलेली हिरवळ आणि बाजूला तळं. खर्च त्या काळात सुमारे ३०,००० पौंड! त्याचा बाप लंडनला बसून धंद्याचा विक्रीचा भाग बघायचा, त्याला हा खर्च अजिबात पटला नव्हता म्हणे. आणि ते तळं मला आधी शोभेचंच वाटलं होतं, पण ते कारखान्याला पाणी पुरवण्यासाठीचं आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते या घराचं तोंड कुठं आहे ते. टॅफ नदीच्या पलीकडे, अगदी समोर, क्रॉशेंचा कारखाना होता. म्हणजे पैसेवाला माणूस धुरापासून, आवाजापासून लांब जाऊन राहतो असं आपण धरून चालतो ना, या माणसानं उलट दिवाणखान्याच्या खिडकीतून भट्ट्या दिसतील असं घर बांधलं, रात्री पाहुणे जेवायला बसले की समोर आभाळ लाल झालेलं दिसत असणार. मी त्या मोठ्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले. आता समोर झाडी आहे, कारखाना नाही. पण तेव्हा पलीकडे शिफ्टला उभ्या असलेल्या माणसालाही हा वाडा दिसत असणार, दिवे लागलेला, रोज रात्री. दोन्ही बाजूंनी बघणं होतं ते. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय.

आबांना मात्र आधी कारखाना समजून घ्यायचा होता. त्यांनी मला विचारलं की इथंच का, या डोंगरात का? तर कारण सोपं आहे, लोखंडाचा दगड, कोळसा, चुनखडी आणि जोराचं पाणी, चारही गोष्टी एकाच खोऱ्यात. १७६५ मध्ये अँथनी बेकन आणि विल्यम ब्राउनरिग यांनी इथं जमीन भाड्यानं घेतली, बेकननं पुढं तोफा ओतून सरकारला विकल्या. मग आला रिचर्ड क्रॉशे, वाडा बांधणाऱ्या विल्यमचा आजोबा, यॉर्कशरच्या शेतकऱ्याचा पोरगा, बापाशी भांडून तट्टावर बसून लंडनला गेला, तट्टू विकलं आणि इस्त्र्या विकणाऱ्या दुकानात लागला असं सांगतात. १८१० मध्ये मेला तेव्हा ब्रिटनमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक होता. त्याचं यश म्हणजे हेन्री कॉर्टची पडलिंगची रीत त्यानं इथं मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली.

पडलिंग म्हणजे काय ते मला आबांनीच समजावलं, बोर्ड वाचून मला अर्धंच कळलं होतं. बीड ठिसूळ असतं, त्यात कार्बन जास्त. ते अशा भट्टीत वितळवायचं की कोळसा एका बाजूला जळतो आणि फक्त ज्वाळा लोखंडावरून जाते, आणि एक माणूस लांब सळई घेऊन दारातून ते सतत ढवळत राहतो. कार्बन जळत जातो तसं लोखंड घट्ट व्हायला लागतं, कारण शुद्ध लोखंडाला वितळायला जास्त उष्णता लागते. मग त्याचे गोळे करून बाहेर काढायचे, हातोड्याखाली दाबून मळी पिळून काढायची, मग रोलमधून पट्ट्या. "हे मशीनचं काम न्हाई, हाताचं हाय," आबा म्हणाले, "कधी घट्ट व्हायला लागलं ते सळई सांगती." हे बोलताना त्यांचे हात हवेत सळई धरल्यासारखे हलत होते आणि शेजारी उभी असलेली एक वेल्श बाई न कळणारी मराठी अगदी लक्ष देऊन ऐकत होती.

पेनरी विल्यम्स नावाचा मर्थरचाच चित्रकार, क्रॉशेनं त्याला आधार दिला, त्यानं १८२५ मध्ये रात्रीच्या कारखान्याचं आतलं चित्र काढलंय. अंधार, मधोमध तापलेल्या लोखंडाचा उजेड आणि त्यात छोटी छोटी माणसं. आबा त्या चित्रापुढून हलेनात. मला म्हणाले, "यांच्या डोळ्याला काय न्हाई बघ. ना चष्मा, ना पायात धड बूट." मी ते चित्र सुंदर म्हणून बघत होते, त्यांनी ते कामगार म्हणून बघितलं, आणि त्यानंतर मलाही ते दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बघता येईना. मग भोंगा! शेजारच्या डाउलैसच्या कारखान्यातल्या एड्रियन स्टीव्हन्स नावाच्या माणसानं १८३० च्या दशकात वाफेची पहिली शिट्टी बनवली, बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इशारा मिळावा म्हणून. आबांच्या चेहऱ्यावर तिथं जे आलं ते बघायला मी शंभर वेळा मर्थरला जाईन. जन्मभर भोंग्यावर उठलेला माणूस तो.

बाकी म्युझियममध्ये बरंच काय काय आहे, इजिप्तच्या वस्तू आहेत, कारखान्याच्या ब्रास बँडची वाद्यं आहेत (बँड १८३८ चा, रॉबर्ट क्रॉशेनं काढलेला), ट्रेव्हिथिक नावाच्या इंजिनिअरच्या वाफेच्या इंजिनाची गोष्ट आहे. २१ फेब्रुवारी १८०४ ला जवळच्या पेनीडॅरेनच्या कारखान्यातून त्यानं १० टन लोखंड आणि वर बसलेली ७० माणसं वाफेच्या इंजिनानं ओढून नेली, आणि ती कशावरून, तर शेजारचा कारखानदार सॅम्युअल हॉमफ्री आणि रिचर्ड क्रॉशे यांच्यात लागलेल्या ५०० गिनींच्या पैजेवरून. इंजिन चाललं पण त्याच्या वजनानं बिडाचे रूळच तुटले. मी हा भाग भरभर उरकला, कारण मला खाली १८३१ कडे जायचं होतं.

१८३१. लोखंडाचे भाव पडले, विल्यम क्रॉशेनं मजुरी कमी केली, त्याआधीच लोक कर्जात बुडालेले, कोर्टाची माणसं येऊन घरातलं सामान उचलून न्यायची. जूनच्या सुरुवातीला लोक उठले, सामान परत आणून ज्याचं त्याला दिलं, आणि ३ जूनला कॅसल इन नावाच्या हॉटेलपुढं हजारोंचा जमाव आणि आत कारखानदार आणि स्कॉटलंडची पलटण. गोळीबारात जमावातले किमान १६ मेले. याच उठावात कामगारांनी लाल झेंडा उभारला, ब्रिटनमध्ये कामगारांचं चिन्ह म्हणून तो पहिल्यांदा इथंच फडकला असं मानतात, वासराच्या रक्तात कापड बुडवून केलेला. इतिहासात क्रॉशेच्या बाजूनं सांगण्यासारखी एक गोष्ट आहे तीही लिहून ठेवते, इतर मालकांसारखं मजुरीच्या बदल्यात स्वतःच्याच दुकानातून महाग माल घ्यायला लावणं त्यानं केलं नाही. पण मजुरी त्यानंच कापली. ते घर बांधून तेव्हा फक्त सहा वर्षं झाली होती आणि मला ३०,००० पौंडांचा आकडा त्यानंतर विसरता येत नाहीये.

या उठावात पकडलेला डिक पेंडेरिन, खरं नाव रिचर्ड लुईस, वय २३, खाणकामगार. डोनाल्ड ब्लॅक नावाच्या सैनिकाला जखमी केल्याचा आरोप. त्या सैनिकानं त्याला ओळखलं नाही, ११,००० लोकांनी अर्जावर सह्या केल्या, तरी १३ ऑगस्ट १८३१ ला कार्डिफमध्ये फाशी दिली. सैनिक मेलासुद्धा नव्हता. हे सगळं मी आबांना वाचून दाखवत होते आणि माझा आवाज मध्येच अडकला.

वस्तीचे आकडे बघा. १८०१ मध्ये ७,७०५ माणसं, १८५१ मध्ये ४६,३७८. पन्नास वर्षांत सहापट, पण गटारं नाहीत, नळ नाहीत. १८४९ च्या कॉलऱ्यात १,४०० वर लोक गेले. कारखान्याला पाणी मिळावं म्हणून तळी आणि पाट केलेले आणि वस्तीत प्यायला पाणी नाही. मी वर ते तळं बघून आले होते, बदकं पोहत होती त्यात, त्यामुळे हे वाचताना फार राग आला. मला खरंच राग आला.

आणि मग रॉबर्ट आणि रोझ मेरी. या दोघांबद्दल मी रात्रभर लिहू शकेन. रॉबर्ट थॉम्पसन क्रॉशे म्हणजे वाडा बांधणाऱ्याचा मुलगा, १८६० मध्ये झटका आला आणि कान गेले, मग तो फोटोग्राफीकडे वळला. त्याची मुलगी, तिला ट्रॉटी म्हणायचे, तिला वेगवेगळे वेश घालून तासन् तास बसवायचा. त्या फोटोंमधली ट्रॉटीची नजर मला फार थकलेली वाटली. बायको रोझ मेरी, लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची. तिनं या घरात राहून गरिबांसाठी सूप किचन चालवली, फुकट वाचनालयं काढली, बायकांना मताधिकार मिळावा म्हणून १८६६ च्या अर्जावर सही केली, १८७१ मध्ये स्कूल बोर्डावर निवडून आली. तिच्या नावाचं स्त्री-लेखिकांसाठीचं बक्षीस ब्रिटिश अकॅडमी आजही देते. नवरा समोरच्या भट्ट्यांचा मालक आणि बायको त्याच भट्ट्यांवरच्या कामगारांच्या बायकापोरांसाठी सूप आणि पुस्तकं पुरवणारी, एकाच छताखाली. जेवताना काय बोलत असतील?

रॉबर्ट पोलादाकडे वळला नाही. शेजारी डाउलैसनं पोलाद करायची बेसेमरची रीत घेतली, हा जुन्या लोखंडालाच धरून बसला, युनियनपुढं वाकणार नाही म्हणाला आणि १८७४-७५ च्या वादात कारखाना बंदच करून टाकला. हजारो घरांची चूल बंद. १८७९ मध्ये मेला. जवळच वेनरच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, भलीमोठी शिळा, आणि त्यावर नाव-तारखांखाली फक्त एवढंच : देवा, मला क्षमा कर. कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही. मी आबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते जरा वेळानं म्हणाले, "देवाला कशाला मागतोय. मागायची तर समोरच्या लोकांस्नी मागायची." याच्यावर मला काहीच बोलता आलं नाही, आणि मला वाटतं ते बरोबर बोलले.

मुलांनी कारखाना पुन्हा चालू केला, पोलादही केलं, पण १९१० मध्ये तो बंद झाला, पुढं पहिल्या महायुद्धात थोडा काळ चालला तेवढाच. आणि त्याच १९१० मध्ये, गावाच्या कौन्सिलनं विकत घेतलेल्या या वाड्यात म्युझियम सुरू झालं, १९१३ पासून उरलेल्या भागात शाळा. मालकाच्या झोपायच्या खोल्यांत कामगारांची पोरं गणितं शिकली. मला ही गोष्ट म्युझियममधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोठी वाटते. १९१० म्हटल्यावर आबा थांबले, "आमची वाडी त्याच सालची." हो की! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्येच लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. इथं एक भट्टी विझत होती आणि कुंडलच्या माळावर एक पेटत होती. आबांनी ती तारीख परत परत वाचली.

एक तक्रार मात्र आहे. घराण्याची नावं सगळी पाठ होतात, विल्यम, रिचर्ड, रॉबर्ट, पण पडलिंग करणाऱ्यांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटतात. मला तिथं एक पूर्ण भिंत हवी होती, पगारपत्रकातली नावं, वय, काम, बाकी काही नको. बायका आणि पोरंही होती तिथं कामाला. जोसेफ पॅरी, पुढं मोठा संगीतकार झालेला, लहान वयातच याच कारखान्यात राबला आणि १८५४ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेला गेला. तो गाजला म्हणून त्याचं नाव आपल्याला माहीत.

नंतर उतरून नदीकडे गेलो. भट्ट्यांचे दगडी अवशेष अजून उभे आहेत आणि पोंट-इ-कॅव्हनाय नावाचा १७९३ चा लोखंडी पूल आहे, रुळांसाठी बांधलेल्या लोखंडी पुलांपैकी अजून टिकलेला जगातला सगळ्यात जुना. बांधणारा वॉटकिन जॉर्ज मुळात सुतार, त्यामुळे लोखंडाचे सांधे लाकडासारखे बसवलेत. आबा वाकून सांधे बघत राहिले आणि पाऊस यायला लागला तरी निघायला तयार नव्हते.

ट्रेनमध्ये मी त्यांना सांगितलं की डिकला फाशी दिली ती जागा आपण रोज मासे आणतो त्या कार्डिफ मार्केटच्या सेंट मेरी स्ट्रीटवरच्या दारापाशी आहे, तिथं पाटी लावलेली आहे. त्यांना विश्वास बसेना. मंगळवारी मला सुट्टी आहे, तेव्हा पाटी बघायला जायचं ठरलंय. आणि येत्या उन्हाळ्यात वेनरच्या कबरीपाशी, आबांना चढ झेपला तर.