पटतं, पण खरं नसतं: एका इंग्रजी शब्दाचा शोध

विज्ञानातल्या गैरसमजांवर मी इंग्रजीत एक लेख लिहीत होते. ऐकताक्षणी पटणाऱ्या, तर्काला धरून वाटणाऱ्या, पण साफ चुकीच्या कल्पनेसाठी मला नेमका शब्द हवा होता.

माझं मुख्य उदाहरण ऋतूंचं होतं. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडतं, असं चांगली शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात. विस्तवाजवळ गेलं की धग लागते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे ते पटतंच. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात ऐन हिवाळा असतो. जुलैत हेच अंतर 15.2 कोटी किलोमीटर होतं. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे 23.5 अंशांनी कललेला असल्यामुळे.

'मिथ' लगेच सुचला, पण त्यातून पुराणकथा डोकावते. 'कनार्ड' म्हणजे मुद्दाम उठवलेली आवई, तोही बाद. 'फॅक्टॉइड' बराच जवळचा होता. छापून आल्यामुळेच खऱ्या मानल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी अमेरिकी लेखक नॉर्मन मेलर यांनी तो 1973 मध्ये वापरात आणला. पुढे मात्र, विशेषतः अमेरिकेत, 'छोटीशी रंजक माहिती' असा त्याचा अर्थ रूढ झाला. वाचक नेमकं उलटं समजेल असा शब्द मला नको होता.

'स्पेशस'पाशी (specious) मी रेंगाळले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ देखणा; जुन्या इंग्रजी लेखनातही तो सुंदर या अर्थी आढळतो. आता अर्थ वरून गोमटं, आत पोकळ. कोशातला अर्थ तंतोतंत जुळत होता, म्हणून वाक्यांत घालून पाहिला. 'स्पेशस आर्ग्युमेंट', 'स्पेशस रीझनिंग' चपखल बसले. पण कुणाच्या भाबड्या समजुतीला लावला की फसवेगिरीची छटा येते. ऋतूंबद्दल तसं मानणारा कुणालाच फसवत नसतो. त्याच्यावर तो ठपका ठेवणं मला अन्यायाचं वाटलं.

अखेर एकाच शब्दाचा हट्ट सोडला. ऋतूंच्या समजुतीला 'प्लॉजिबल मिसकन्सेप्शन' म्हटलं. दोन शब्द झाले, पण पटण्याजोगं आणि चूक, दोन्ही त्यात आलं. 'स्पेशस' राखून ठेवला तो आपण मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो असं सांगून स्मरणशक्तीचे कोर्स विकणाऱ्यांच्या युक्तिवादासाठी. तिथे ती छटा हवीच होती.