टेलच्या माणसाची भरती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर हिवाळ्यात कोकणातून परभणीला परतलो की कुणी ना कुणी विचारतंच, "होडीला इंजिन आहे ना? मग खाडीत चार-चार तास नांगर टाकून का बसता?"

आमचं शेत जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या अंगाला. कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणला पाणी सुटल्याचं पेपरात आलं म्हणून आमच्याकडे कुणी त्याच रात्री दारं धरायला जात नाही. आपल्या चारीला, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी कधी पोचेल, ते विचारून माणूस कंदील उचलतो. वाशिष्ठीच्या खाडीत मी तेवढंच करतो.

खाडीच्या मुखाशी असलेल्या दाभोळपासून आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पाण्यातून ४५ किलोमीटरच्या आसपास. मित्राची होडी स्थिर पाण्यात ताशी ७ किलोमीटर चालते. भरतीची ओढ ताशी ३ धरली तर पाठीवर पाणी घेऊन साडेचार तासांत पोचता येतं. तीच ओढ समोरून आली की ताशी ४ उरतात, म्हणजे अकरा तासांवर. इतका वेळ पाणी एका दिशेने वाहतच नाही. सव्वासहा तासांत फिरतं.

म्हणून आधी तिथी बघायची. कोकणातला जुना ढोबळ हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार. त्यातून सव्वासहा तास मागे गेलं की सकाळी साडेनऊला ओहोटी संपते; तेव्हा दाभोळ सोडायचं. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातूनच घेतो, पण दिवस निवडायला तिथी पुरते. पंचमी मला आवडते, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर तोवर ओसरलेला असतो, आणि दुपारचा खारा वारा पाठीशी असतो.

कोष्टक मुखाजवळच्या बंदराचं. आत भरती उशिरा पोचते. वर जाताना ती आपल्याबरोबर चालते, त्यामुळे सहा तासांपेक्षा जास्त वेळ हातात राहतो. चढत्या पाण्यात होडी वाळूला टेकली तरी थोड्या वेळाने आपोआप सुटते. पहिल्या वर्षी आम्ही दाभोळहून दुपारी निघालो, वाटेत पाणी फिरलं आणि उतरत्या पाण्यात टेकलो. पुन्हा तेवढंच पाणी चढेपर्यंत, मध्यरात्रीनंतरपर्यंत, तिरप्या होडीत बसून होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

चिपळूणच्या वरच्या अंगाला कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही वाशिष्ठीला मिळतं. तेही खालीच ओढतं. पाणी कुणी सोडलं, किती सोडलं, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आता तुमचे ते चार तास. खाली उतरताना गणित उलटं होतं. आपण समुद्राकडे निघालेलो, आणि पुढची भरती आत यायला लागलेली. ती वाटेतच भेटते. एका ओहोटीत दाभोळ गाठायचा हट्ट केला तर शेवटचे दहा किलोमीटर डिझेल जाळत जागच्या जागी रांगायचं. त्यापेक्षा कडेला नांगर टाकतो, भाकरी खातो. भरतीत होडीचं तोंड समुद्राकडे असतं. मग ती सावकाश फिरते आणि तोंड चिपळूणकडे करते. म्हणजे ओहोटी लागली. तेव्हा नांगर उचलायचा.