फक्कीची रेघ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर एकच चित्र आलं. सकाळी सहाला फक्कीचा डबा घेऊन बास्केटबॉलच्या कोर्टावर वाकलेले आपले पी.टी.चे सर. इतर शिक्षकांनीही भरभरून दिलं, पण मला आज सरांबद्दलच लिहायचं आहे.

कोर्ट तेव्हा मुरमाचं होतं. सर दोरी ताणून पाच सेंटिमीटरची रेघ मारायचे आणि ती कुणी तुडवली की चिडायचे. "रेघ कोर्टात धरायची नाही. रेघेवर पाय म्हणजे बाहेर!" झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आम्ही हे सांगितलं असतं.

१९९४ साली, पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या त्या वर्षी, मी नववीत होतो. पावसाळ्यात आपल्याच कोर्टावर आंतरशालेय सामना होता. शेवटचं मिनिट, आपण एका गुणाने पुढे. समोरच्या संघाचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, पिंपळाकडच्या साईडलाईनने ड्रिबल करत, बॉलला टप्पे देत निघाला. शिकवल्याप्रमाणे मी त्याला रेघेकडे दाबत नेलं. आता हा कुठून जाणार, असं वाटत असतानाच तो घुसला, आम्ही धडकलो आणि शिट्टी वाजली. ब्लॉकिंग, म्हणजे बॉलवाल्याची वाट चुकीच्या रीतीने अडवली. फाउल माझा. त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि सामना गेला.

मी रेफ्रीशी भांडलो. मी आधीपासून उभा होतो, असं ओरडून सांगितलं. सर तेव्हा काहीच बोलले नाहीत. सगळे पांगल्यावर मला त्या जागी घेऊन गेले आणि उकिडवे बसले. भुरभुर पाऊस होऊन गेला होता, ओल्या मुरमात बुटांचे ठसे उमटले होते.

"हा तुझा डावा. छान आहे. तोंड त्याच्याकडे, दोन्ही पाय जमिनीवर, इथवर जागा तुझी. आता उजवा बघ."

उजवा ठसा तिरका होता. टाच फिरलेली, चवडा रेघेकडे वळलेला, आणि त्याच्यापुढे बोटभर मुरूम खरवडलेला.

"तो बाजूने निघाला आणि तू त्याच्या वाटेत कंबर टाकलीस. तुझ्या छातीवर आला असता तर चार्जिंग, फाउल त्याचा. बॉल त्याच्याकडे आहे, त्याला थांबायला वेळ किंवा अंतर द्यायला तू बांधील नाहीस. आडवा सरक, मागे सरक. पण पायांनी सरक."

मग म्हणाले, "उद्या त्या रेफ्रींना भेटून माफी माग." दुसऱ्या दिवशी सायकल काढून लकडी पुलापलीकडे गेलो आणि माफी मागून आलो. सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आज मी न्यू जर्सीत असतो. मुलगी हायस्कूलच्या संघात खेळते आणि मी शनिवारी लहान मुलांच्या सामन्यांना रेफ्री म्हणून उभा राहतो. इथल्या शालेय नियमांत डिफेन्स करणाऱ्याचा पाय रेघेवर असेल तर त्याची जागा कायदेशीर धरत नाहीत. आणि तो व रेघ यांच्यात तीन फुटांपेक्षा कमी जागा असेल, तर टक्कर झाल्यास जास्त जबाबदारी ड्रिबल करणाऱ्याची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पिंपळाखालचे ते ठसे दिसले. त्या दिवशीही जागा तीन फुटांहून कमीच होती. पण टाकलेली कंबर कुठल्याच नियमात बसत नाही.

सर आता नाहीत. गेल्या डिसेंबरात शाळेत आलो तर कोर्ट सिंथेटिक झालेलं, रेघा ऑइलपेंटच्या. मुलं उत्तम खेळत होती, सोयीही आमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. पण त्या पृष्ठभागावर बुटाचा ठसा उमटत नाही. मुलांना त्यांची चूक आता कशी दाखवायची?

संस्थेला माझी एक विनंती आहे. पिंपळाकडची दहा-बारा फुटांची पट्टी अजून मोकळी आहे. तिथे फरशी घालू नका, मुरूम पसरा. खर्च मी देईन, फक्कीसकट.