हायडा स्कॅनला जाताय? उपाशी जा, पण लई उपाशी नको

आत्याला जेवलं की उजव्या बरगडीखाली दुखायचं, सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडा काही दिसेना, मग डॉक्टरांनी हायडा स्कॅन, म्हणजे पित्ताशय अन् पित्तनळ्या नीट काम करतात का ते बघायची तपासणी, लिहून दिला. चिठ्ठीवर 'न्यूक्लिअर मेडिसिन' वाचून घरात जो गोंधळ उडाला तो विचारूच नका, काका तर थेट अणुबॉम्बवर गेले.

तर आधी ते सांगतो. यातलं मशीन किरण सोडतच नाही. किरण असतात इंजेक्शनच्या औषधात, टेक्निशियम-९९एम त्याचं नाव, आणि वरचा गॅमा कॅमेरा ते फक्त टिपतो, म्हणजे फोटो काढून घेणारं मशीन गप्प आणि चमकणारा पेशंट, असा उलटा कारभार आहे. हे औषध दर ६ तासांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी अगदी थोडं उरतं. म्हणूनच ते आणून साठवता येत नाही, त्यामुळं जायचं रद्द झालं तर आधी फोन करा, तुमच्या नावाचा डोस वाया जातो ओ.

आता उपासाचं. आत्या म्हणाली, "उपासाचं मला काय शिकवतोस, श्रावणातला एक सोमवार चुकला नाही माझा." तिचा बेत होता आदल्या सकाळपासूनच काही खायचं नाही! इथंच गडबड होते. निदान ४ तास पोट रिकामं हवं, पण २४ तासांच्या वर उपाशी राहिलं तर पित्ताशय आधीच घट्ट पित्तानं भरून बसतं, औषध आत शिरत नाही आणि नसलेला आजार रिपोर्टात दिसू शकतो. म्हणून रात्री भाकरी अन् शेंगाची चटणी पोटभर खायला लावली, सकाळी मात्र काही नाही. दुखण्यावर ट्रामाडॉल, मॉर्फिन असल्या जातीची गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्यानं पित्तनळीच्या तोंडाची झडप आवळली जाते आणि पित्त पुढं सरकत नाही.

आत गेल्यावर हाताला सुई, शिशाच्या कवचातली सिरिंज, आणि मग उताणं पडून राहायचं. एमआरआयसारखी खडखड नाही, बोगदा नाही, फक्त कॅमेरा पोटाच्या इतका जवळ येतो की आत्या श्वास धरून बसली, तिथला टेक्निशियन पोरगा म्हणाला, "मावशी, श्वास घ्या की, फक्त हलू नका." तिचं लांब मंगळसूत्र पोटापर्यंत येत होतं, ते काढून ठेवलं, कारण वर धातू आला की फोटोत तिथं काळी सावली पडते. बांगड्या राहिल्या हातातच. एसी एवढा होता की बाहेर बेचाळीस डिग्रीचं ऊन असूनसुद्धा आपली चादर नेली ते बरं झालं.

काचेपलीकडून स्क्रीन दिसत होता. काही मिनिटांत लिव्हर उजळलं, मग नळ्या, मग एक बारका ठिपका फुगत गेला, ते पित्ताशय, आणि खाली आतड्यात औषध उतरायला लागलं. सोनोग्राफी आकार दाखवते, हा स्कॅन काम दाखवतो, म्हणूनच वेळ खातो. पहिल्या तासात पित्ताशय दिसलं तर ठीक, नाहीतर ४ तासांपर्यंत पुन्हा पुन्हा फोटो घेतात, किंवा मॉर्फिनचा बारका डोस मुद्दाम देऊन (झडप आवळली की पित्त पित्ताशयाकडं वळतं) अर्धा तास बघतात. तेव्हा "तासाभरात येतो" असं ऑफिसात सांगून जाऊ नका.

दिसल्यावरही संपत नाही. पित्ताशय आवळतं किती ते बघायला सिंकॅलाइड नावाचं औषध नाहीतर सायीचं दूध, चॉकलेट असं काहीतरी देतात. सिंकॅलाइड हळूहळू देऊन ३८ टक्क्यांपेक्षा कमी रिकामं झालं तर साधारणपणे कमी धरतात, दुधावर केलं तर आकडे ज्या त्या सेंटरचे वेगळे. आत्याला दूध दिलं आणि नेहमीची कळ आली, ती लगेच त्या पोराला सांगायला लावली, लपवून काय उपयोग.

नंतर पाणी भरपूर, संडास-लघवीनंतर दोनदा फ्लश, हात धुणे. गरोदर असाल, शंका असेल किंवा अंगावर पाजत असाल तर हे इंजेक्शनच्या आधी सांगायचं, नंतर नाही. तान्ही नात त्या दिवशी शेजारी झोपवायची का, तेही तिथंच विचारून घ्या.

आणि हो, हे सगळं हायडाचं. त्याच कॅमेऱ्यावर जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो तेही बघतात, त्यात औषध अंड्यात, काही ठिकाणी इडलीत घालून खायला देतात आणि ४ तास अधूनमधून फोटो, त्याची तयारी वेगळी, तिथं कुठल्या गोळ्या बंद करायच्या ते सेंटरलाच विचारा, माझं ऐकून जाऊ नका.