बाबांची सही चालते तोवर

इकडे इंग्लंड-अमेरिकेत म्हाताऱ्या माणसानं वेळेवर ठरावीक पद्धतीचं मुखत्यारपत्र केलं असेल, तर पुढे त्याला विस्मरण झालं तरी ते चालतं. म्हणून इथून पोरं फोनवर सांगतात, 'बाबांकडून एक मुखत्यारपत्र करून घ्या, मग घोर नाही.' घोर आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारपत्र तिथेच संपतं. लकवा मारून बोलणं गेलं पण समज शाबूत असेल, तर कागद जिवंत. माणूस कोमात गेला, तर विदर्भातल्यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करून पालक नेमून आणावा लागतो. आर्वीत काय नि दारव्ह्यात काय, ज्या कामाला एक दुपार पुरली असती त्याला मग वकील, वैद्यकीय अहवाल आणि तारखा.

मुखत्यारपत्रं दोन, त्यांची गल्लत करू नका. बाबांनी पुतण्याला द्यायचं ते भारतातच होतं. त्यांना उठवत नसेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून दुय्यम निबंधकाकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो. परदेशातल्या मुलानं स्वतःच्या हिश्श्यासाठी द्यायचं ते वेगळं. त्यावर भारतीय वकिलातीत साक्षांकन होतं, किंवा तिथल्या नोटरीची सही घेऊन वर अपोस्टिल, म्हणजे ती सही खरी असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याला जिल्ह्याच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून मुद्रांक लागला पाहिजे. कुरिअरचं पाकीट चुलीत घालू नका, कागद कधी आला याचा पुरावा तेच. 'सर्व अधिकार' एवढंच लिहिलेला कागद बँक बहुधा परत करते. खातं क्रमांक, गट क्रमांक, पैसे काढणं, ठेव मोडणं हे एकेक लिहून घ्या, आणि टंकायला देण्याआधी शाखेत नमुना दाखवा.

सही थरथरायला लागली तरी खातं अडत नाही. आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो; दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, काउंटरवर तो माहीत असेलच असं नाही. पेन्शनरच्या हयातीच्या दाखल्याला बोटं उमटत नसतील, तर चेहऱ्यावरून मोबाइलवर होतो. जन्मभर डवरे हाकलेल्या हातांच्या रेषा मशीनला सापडत नाहीत, त्यात नवल नाही. दाखला नोव्हेंबरात द्यायचा.

खरं घोडं अडतं ते नावात. सातबारावर 'लीलाबाई', आधारवर 'लिला', पासबुकावर माहेरचं आडनाव. एकच व्यक्ती असल्याच्या प्रतिज्ञापत्रानं बँकेचं काम भागतं, कधी नाहीही भागत. पण सातबारातली लेखनाची चूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडूनच दुरुस्त होते. ही दुरुस्ती आई हयात असताना करा. ती गेल्यावर तीच लीलाबाई होती हे सांगायला कोण उरणार?

वावर ठेक्यानं दिलं असेल तर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबारावर पिकाची नोंद, कोण करणार ते पेरणीच्या आधीच ठरवा. सातबारावर कापूस चढलाच नाही, तर हमीभावाच्या खरेदीवर गाडी परत फिरते.

माणूस गेल्यावर त्याचं मुखत्यारपत्रही गेलं. एटीएम कार्डानं दुसऱ्या दिवशी काढलेले पैसे पुढे भावाभावांत कज्जा लावतात. नॉमिनी हा पैसे घेणारा, मालक नव्हे. पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्या, ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरूनही चालतो. त्यात बहिणींची आणि परदेशातल्या भावाची नावं टाका. 'तो कुठं येतो शेती पाहायला' म्हणून वगळलं, तर हरकत नेमकी तिथूनच येते. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळते. त्याला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. व्हॉट्सॲपवरची 'मला नको'ची चिठ्ठी पटवारी वाचेल, फेरफार तिच्यावर घेणार नाही.